अक्षर की अक्षराचे चित्र?
मराठी डिजिटल शिक्षणसाहित्याचे एक परीक्षण

गेल्या आठ-दहा वर्षांत मराठी शाळांत डिजिटल साहित्य मुबलक आले. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ प्रती विनामूल्य मिळू लागल्या. २०१७ साली केंद्र शासनाचे 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू झाले आणि पुस्तकांच्या पानांवर क्यूआर कोड छापले जाऊ लागले. करोनाच्या काळात तर शिक्षक स्वतःच चित्रफिती, स्वाध्याय आणि चाचण्या तयार करू लागले. या साहित्याचे मूल्यमापन आपण करतो ते बहुधा आशयाचे. संकल्पना अचूक आहेत का, भाषा सोपी आहे का, चित्रे आकर्षक आहेत का, हे आपण पाहतो. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. ज्या मुलाला दिसत नाही किंवा ऐकू येत नाही, त्याच्यापर्यंत हे साहित्य पोचते का? या लेखात त्या एकाच कसोटीवर आपले साहित्य घासून पाहायचे आहे.

समजा, छत्रपती संभाजीनगरजवळच्या हर्सूलमधील एखाद्या शाळेत आठवीच्या वर्गात एक अंध मुलगी इतर मुलांबरोबर शिकत आहे. तिच्या घरी एक साधा अँड्रॉइड फोन आहे. बाईंनी विज्ञानाचा पाठ फोनवर पाठवला. इतर मुलांनी तो उघडला आणि वाचला. या मुलीनेही उघडला. पुढे काय होईल? उत्तर मुलीच्या बुद्धीवर अवलंबून नाही आणि फोनच्या किमतीवरही फारसे नाही. ते अवलंबून आहे पाठ कसा तयार केला यावर.

कानांनी वाचणे

दृष्टिहीन व्यक्ती फोन किंवा संगणक वापरते ती 'स्क्रीन रीडर' नावाच्या आज्ञावलीच्या मदतीने. आपण तिला 'पडदावाचक' म्हणू. पडद्यावरचा मजकूर ही आज्ञावली बोलून दाखवते. अँड्रॉइड फोनमध्ये 'टॉकबॅक' नावाचा पडदावाचक मिळतो. संगणकासाठी 'एनव्हीडीए' ही विनामूल्य आज्ञावली आहे. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातील दोन दृष्टिहीन तरुणांच्या प्रयत्नांतून २००६ पासून ती उभी राहिली. मराठी आवाज निवडला की हे पडदावाचक मराठी मजकूरही वाचतात. उच्चार थोडा यांत्रिक वाटतो, पण सवयीने तो कळतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पडदावाचक पडद्याकडे आपल्यासारखा 'पाहत' नाही. संगणकाच्या लेखी अक्षर म्हणजे आकार नसून एक क्रमांक असतो. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीतील प्रत्येक वर्णाला आणि प्रत्येक मात्रेला स्वतःचा क्रमांक आहे. 'मराठी' हा शब्द युनिकोडमध्ये लिहिला की संगणकात पाच क्रमांक साठतात : म साठी २३५०, र साठी २३५२, काना २३६६, ठ साठी २३३६ आणि दीर्घ वेलांटी २३६८. पडदावाचक हे क्रमांक पाहून शब्द उच्चारतो. पडद्यावर अक्षर लहान आहे की मोठे, सुबक आहे की ओबडधोबड, याच्याशी त्याला कर्तव्य नाही.

आता जुन्या पद्धतीचा फॉन्ट घेऊ. युनिकोडपूर्वीच्या काळात संगणकात मुख्यतः इंग्रजी अक्षरांची सोय होती. मग मराठी छपाईसाठी एक युक्ती निघाली. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचे चित्र बसवायचे. 'कृतिदेव' या प्रसिद्ध फॉन्टमध्ये 'मराठी' हा शब्द उमटवायचा तर इंग्रजी ई, जे, के, बी आणि एच या पाच कळा दाबाव्या लागतात. डोळ्यांना 'मराठी' दिसते, पण संगणकात साठतात ती ही पाच इंग्रजी अक्षरे. पडदावाचक तीच वाचणार! आपल्या अंध मुलीला संपूर्ण पाठभर असे निरर्थक आवाज ऐकू येतील. पाठ उत्तम लिहिलेला असेल, पण तिच्यापर्यंत त्यातला एक शब्दही पोचणार नाही.

ऱ्हस्व वेलांटीचे उदाहरण याहून बोलके आहे. 'कि' उच्चारताना आधी क येतो आणि मग इ. लिहिताना वेलांटीची दांडी मात्र क च्या आधी दिसते. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी दिसण्याच्या क्रमाने, म्हणजे आधी, साठवली जाते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने, म्हणजे व्यंजनानंतर साठवली जाते. पहिली पद्धत छापणाऱ्याच्या सोयीची आहे, तर दुसरी भाषेच्या रचनेला धरून आहे. अक्षर आणि अक्षराचे चित्र यांतला फरक हाच.

एकदा सुटलेला प्रश्न

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नव्हता. फ्रान्सच्या लुई ब्रेलने सहा टिंबांची लिपी तयार केली. सहा टिंबांच्या उठावदार किंवा सपाट असण्यातून ६४ रचना होतात. एकही टिंब नसलेली रिकामी जागा वगळली तर ६३ उरतात. ही लिपी भारतात आल्यावर वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळे संकेत रूढ झाले. एका ठिकाणी छापलेले पुस्तक दुसऱ्या ठिकाणच्या अंध वाचकाला वाचता येईना. अखेर १९५१ साली 'भारती ब्रेल' हा समान संकेत स्वीकारला गेला. त्यात क या ध्वनीसाठी मराठी, बंगाली, तमिळ अशा सर्व भाषांत पहिले आणि तिसरे टिंब हीच खूण आहे. लिपी कोणतीही असो, समान ध्वनीला समान खूण, हे त्यामागचे तत्त्व. मराठीतील 'स्पर्शज्ञान' हे २००८ साली सुरू झालेले ब्रेल पाक्षिक याच संकेतात छापले गेले.

संगणकावर मराठी आली तेव्हा आपण हा धडा विसरलो. प्रत्येक कंपनीने आपापला फॉन्ट आणि आपापला संकेत काढला. एका छापखान्यातला मजकूर दुसऱ्या छापखान्यात उघडला की अक्षरांचा काला व्हायचा, हे त्या काळात मासिकांचे काम केलेल्यांना आठवत असेल. तोडगा नव्हता असे नाही. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हा संकेत प्रमाण केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तिच्यात देवनागरी होती. म्हणजे साधन हाताशी येऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तरीही शाळांतून फिरणारे स्वाध्याय, प्रश्नपेढ्या आणि परिपत्रके यांत जुन्या फॉन्टचा मजकूर आजही भेटतो. याला तांत्रिक अडचण म्हणता येत नाही. ही केवळ सवय आहे.

पीडीएफ : कागदाची सावली

फॉन्ट युनिकोड असला म्हणजे काम संपले असेही नाही. पाठ्यपुस्तकांची पीडीएफ प्रत विनामूल्य मिळते, ही मोठी सोय आहे आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु पीडीएफ हा प्रकार मुळात छापील पान जसेच्या तसे दिसावे यासाठी आहे. कोणते अक्षर पानावर कोठे बसवायचे, हे त्यात नोंदलेले असते. कोणता मजकूर आधी वाचायचा, कोणता नंतर, शीर्षक कोणते आणि तळटीप कोणती, हे वेगळे सांगावे लागते. त्यासाठी पीडीएफमध्ये 'टॅग', म्हणजे अदृश्य खुणा, घालण्याची सोय आहे. त्या घातल्या नाहीत तर पडदावाचक अंदाजाने वाचतो.

आपल्या विज्ञानाच्या पुस्तकांची मांडणी डोळ्यांसमोर आणा. मुख्य मजकूर चालू असताना मध्येच 'करून पहा' ही चौकट येते, कडेला 'माहीत आहे का तुम्हांला?' असते, खाली एखाद्या शास्त्रज्ञाचा परिचय असतो. डोळस मुलाला ही विविधता आवडते. नजर क्षणात चौकटीवर जाते आणि परत येते. कानाने वाचणाऱ्याला परतीची वाट सापडत नाही. टॅग नसतील तर घर्षणाच्या व्याख्येचे पहिले वाक्य, मग चौकटीतली कृती, मग व्याख्येचा उरलेला भाग, असा क्रम त्याच्या वाट्याला येऊ शकतो.

सर्वांत वाईट प्रकार म्हणजे छापील पानाचे छायाचित्र काढून त्याची पीडीएफ करणे. व्हॉट्सॲपवर फिरणारे स्वाध्याय पुष्कळदा असेच असतात. त्यात अक्षर मुळी नसतेच. असतो तो केवळ काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा समूह. यावर कोणी म्हणेल, आता यंत्रे चित्रातली अक्षरे ओळखतात, मग चिंता कशाला? ही तंत्रे खरोखर उपयोगी आहेत आणि मराठीतही सुधारत आहेत. पण जोडाक्षरे, दोन स्तंभांची मांडणी, कोष्टके आणि सूत्रे इथे ती अजूनही चुकतात. डोळस माणूस मूळ पान पाहून चूक दुरुस्त करील. अंध विद्यार्थ्याला चूक झाली आहे हे कळायलाच मार्ग नाही. विज्ञानात एका चिन्हाने अर्थ बदलतो, तेव्हा हा धोका लहान मानता येणार नाही.

सूत्रे, आकृत्या आणि रंग

विज्ञान शिक्षकांनी विशेष लक्ष द्यावे अशी एक बाब आहे. प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे तीन गुणिले दहाचा आठवा घात इतके मीटर असतो. पाठात आपण दहा लिहून त्याच्या खांद्यावर लहान आठ लिहितो. हा आठ साधा अंक टंकून केवळ उचलून लहान केलेला असेल, तर बहुतेक पडदावाचक सरळ 'एकशे आठ' असे वाचतात. तीन गुणिले एकशे आठ म्हणजे ३२४. प्रकाशाचा वेग सेकंदाला ३२४ मीटर! ध्वनीचा हवेतील वेग साधारण ३४० मीटर असतो. म्हणजे आपल्या पाठात प्रकाश ध्वनीपेक्षाही मंद झाला. समीकरण लिहिण्याची वेगळी सोय शब्दलेखनाच्या आज्ञावलीत असते, ती वापरावी. तेही जमत नसेल तर कंसात 'दहाचा आठवा घात' असे शब्दांत लिहावे. एवढ्याने काम भागते.

आकृत्यांचे तसेच आहे. डिजिटल चित्राला जोडून एक लहान वर्णन लिहिता येते. पडद्यावर ते दिसत नाही, पण पडदावाचक वाचतो. हे वर्णन बहुधा नसते, आणि असलेच तर 'आकृती' किंवा 'चित्र क्रमांक दोन' इतकेच. आपल्या शहरातील पाणचक्कीची आकृती पाठात आहे असे धरा. 'पाणचक्कीचे सुंदर दृश्य' या वर्णनाने मुलीला काय मिळाले? त्याऐवजी असे लिहून पाहा : 'डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणले आहे. उगम उंचावर असल्याने ते भिंतीच्या माथ्यापर्यंत आपोआप चढते आणि तेथून खाली पडते. पडणाऱ्या पाण्याच्या जोराने पात्यांचे चाक फिरते. चाकाचा दांडा जात्याच्या वरच्या दगडाला जोडलेला आहे, म्हणून दगड फिरतो व धान्य दळले जाते.' ही चार वाक्ये ऐकणाऱ्या मुलीला उंचीमुळे साठलेल्या ऊर्जेचे गतीत होणारे रूपांतर समजेल. वर्गातल्या डोळस मुलांनाही नुसत्या चित्रापेक्षा ती अधिक सांगतील.

वर्णन लिहू लागलो की आणखी एक फायदा होतो. हे चित्र इथे कशासाठी आहे, असा प्रश्न स्वतःला विचारावा लागतो. काही चित्रांना उत्तर सापडत नाही. ती शोभेची असतात. अशा चित्रांच्या वर्णनाची जागा मुद्दाम रिकामी ठेवावी, म्हणजे पडदावाचक त्यांवरून पुढे जातो.

नकाशे आणि आलेख यांत रंगाचा प्रश्न येतो. 'निळ्या रंगाने दाखवलेला भाग पाहा' एवढेच लिहून थांबू नये. हर्सूलचा तलाव शहराच्या उत्तरेला आहे, जटवाड्याच्या डोंगरांकडून येणाऱ्या खाम नदीशी त्याचा संबंध आहे, आणि ही नदी पुढे शहरातून गोदावरीच्या दिशेने जाते, असे शब्दांत सांगता येते. ज्यांना लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत अशी मुले जवळजवळ प्रत्येक मोठ्या शाळेत असतात आणि पुष्कळदा त्यांनाही ते ठाऊक नसते. आलेखातील दोन रेषांना रंगाबरोबर एक अखंड व एक तुटक असे रूप दिले की त्यांचीही अडचण दूर होते.

क्यूआर कोड आणि चित्रफिती

क्यूआर कोड ही कल्पना चांगली आहे, पण त्याचा चौकोन पानावर नेमका कोठे आहे हे अंध मुलाला कसे कळावे? दीक्षाच्या कोडखाली सहा अक्षर-अंकांचा एक संकेतांक छापलेला असतो आणि तो टंकूनही साहित्य उघडता येते. शिक्षकांनी प्रत्येक पाठाचा हा संकेतांक मजकुराच्या रूपात मुलांना पाठवला तर अर्धे काम होते. उरलेले अर्धे म्हणजे आतील चित्रफीत.

शैक्षणिक चित्रफितींत 'हे बघा', 'इथे काय झाले?', 'हा रंग बदलला' अशी वाक्ये फार असतात. डोळे मिटून ऐकले तर काहीच हाती लागत नाही. 'निळा लिटमस आता लाल झाला' असे म्हणायला एक सेकंदही जास्त लागत नाही. कर्णबधिर मुलांची अडचण उलट आहे. त्यांना निवेदनाचा मजकूर पडद्यावर हवा, आणि ज्यांची पहिली भाषा खुणांची आहे त्यांना तो सोप्या, लहान वाक्यांत हवा. एनसीईआरटीने ऑक्टोबर २०२० मध्ये भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राशी करार करून आपली पुस्तके सांकेतिक भाषेत आणण्याचे काम हाती घेतले. ही दिशा योग्य आहे. परंतु शिक्षकाने स्वतः केलेल्या दहा मिनिटांच्या चित्रफितीसाठी असा करार कोणी करणार नाही. तिचे निवेदन आधी लिहून ठेवले आणि चित्रफितीसोबत पाठवले, तर निदान सुरुवात होते.

दया नव्हे, हक्क

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९.६ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतील शाळेत जाणाऱ्या मुलांचा आपल्या साहित्यावर हक्क आहे, तो कोणाच्या चांगुलपणावर सोडलेला नाही. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे ४२ वे कलम दृक्‌, श्राव्य, छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील साहित्य सुगम असावे असे सांगते. कॉपीराइटच्या कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली आणि अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे सुगम रूप करण्याची वाट मोकळी झाली. अंध वाचकांच्या पुस्तकांसाठी २०१३ साली झालेल्या माराकेश करारास मान्यता देणारा पहिला देश भारत होता, २०१४ मध्ये. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणे कायद्याशी विसंगत ठरवले, आणि एप्रिल २०२५ मध्ये डिजिटल सेवांपर्यंत पोचणे हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले.

कायदे आहेत, निकाल आहेत. पण न्यायालय कोणाच्या स्वाध्यायाचा फॉन्ट बदलून देणार नाही. परीक्षेच्या दिवशी अंध विद्यार्थ्याला लेखनिक मिळतो. वर्षभराच्या अभ्यासाला मात्र रोज कोणीतरी वाचून दाखवावे लागते, आणि आई-वडील दिवसभर कामावर असलेल्या घरांत असे कोणी नसते. विज्ञान 'जमत नाही' म्हणून हा विषय सोडलेल्या अंध मुलांपैकी किती जणांपर्यंत विज्ञान पोचले होते, हा प्रश्न आपण शिक्षकांनी स्वतःला विचारायला हवा.

'वर्गात असे एकच मूल, त्याच्यासाठी एवढी खटपट का?' असा आक्षेप घेतला जातो. एक तर मूल एकच असले तरी त्याचे शिक्षण अर्धे असून चालत नाही. दुसरे असे, की ही खटपट त्या एकाच मुलापुरती राहत नाही. युनिकोडमधील मजकुरात हवा तो शब्द शोधता येतो, तो दुसऱ्या फाइलमध्ये घेता येतो, मोठ्या अक्षरांत छापता येतो आणि ब्रेलमध्येही उतरवता येतो. जुन्या फॉन्टमधला मजकूर यांतले काहीच सहज करू देत नाही.

घरच्या घरी चार कसोट्या

साहित्य सुगम आहे की नाही हे तपासायला तज्ज्ञ लागत नाही. पुढील चार कसोट्या कोणीही शिक्षक पाच-दहा मिनिटांत करू शकेल.

पहिली कसोटी नकलेची. फाइलमधील एक ओळ निवडून फोनच्या संदेशात उतरवा. मराठी मराठीच राहिली तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसला तर फॉन्ट जुना आहे. ओळ निवडताच आली नाही तर ते छायाचित्र आहे.

दुसरी कसोटी शोधाची. पानावर ठळक दिसणारा एखादा शब्द, समजा 'घर्षण', फाइलमध्ये शोधा. समोर असलेला शब्द संगणकाला सापडला नाही, तर तो पडदावाचकालाही सापडणार नाही.

तिसरी कसोटी कानाची. फोनच्या सेटिंग्जमधील सुलभतेच्या विभागात जाऊन टॉकबॅक सुरू करा, डोळे मिटा आणि आपलाच पाठ ऐका. टॉकबॅक चालू असताना एका स्पर्शाने नाव ऐकू येते आणि ते उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते, हे लक्षात ठेवा. नाहीतर फोन बिघडला असे वाटेल. बंद कसा करायचा हेही आधी पाहून ठेवा.

चौथी कसोटी चित्रफितीची. ती एकदा डोळे मिटून ऐका आणि एकदा आवाज बंद करून पाहा. दोन्ही वेळा पाठाचा गाभा समजला तर चित्रफीत चांगली.

या कसोट्यांवर आपल्याकडील बरेच साहित्य आज उतरणार नाही. मोठ्या संस्थांनी आपली पुस्तके टॅगसह द्यावीत, अशी मागणी आपण लेखी करत राहिली पाहिजे. परंतु पुढच्या आठवड्याचा स्वाध्याय आपल्याच हातात आहे. तो युनिकोडमध्ये टंकावा, त्याचे छायाचित्र न पाठवता मूळ फाइल पाठवावी, आकृतीखाली चार वाक्ये लिहावीत. शाळेतील सर्व शिक्षकांनी मिळून एका सत्रात एका इयत्तेच्या विज्ञानाचे साहित्य या पद्धतीने नीट केले, तर पुढील वर्षी येणाऱ्या मुलांना ते तयार मिळेल.